चावरी साथ आली तर उरलेल्यांनी वाडी कशी चालवायची

झोंबी आले तर काय करायचं हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच उत्तरं येतात, एक म्हणजे "मी तर डायरेक्ट गडावर जाणार" आणि दुसरं "आधी मॉल फोडायचा". दोन्ही उत्तरं पहिल्या आठवड्यापुरती ठीक आहेत. आठव्या दिवशी संडास कोण साफ करणार आणि तांदळाच्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला असणार, हे कोणी बोलतच नाही, आणि माझं म्हणणं असं की माणसं मरतात ती तिथेच.

तर आपण असं धरून चालू की साथ चाव्यातून पसरते, चावल्यावर साधारण एका दिवसात माणूस जातो, म्हणजे चालतोबोलतो पण तो तो राहत नाही, हवेतून काही लागत नाही, आणि चावरे (मी चावरेच म्हणणार, झोंबी म्हटलं की मला हसू येतं) आवाजाच्या दिशेने येतात. लाईट गेलेत, मोबाईल मेलेत, पहिला महिना कसाबसा निघालाय आणि तुम्ही चाळीसेक जण एका जागी टेकलायत. तिथून पुढचं सांगते.

मला काय कळतं यातलं? तर मी २०२० मध्ये आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. अठ्ठेचाळीस फ्लॅट. लॉकडाऊनच्या तिसऱ्या आठवड्यात पंपरूमचं कुलूप उघडेना, कारण किल्ली एकाच काकांकडे आणि काका रातोरात सासुरवाडीला निघून गेलेले, पास कसा मिळवला देव जाणे. दोन दिवस पाणी नाही. शेवटी कुलूप फोडलं तर "कोणाला विचारून फोडलं" म्हणून मीटिंग! रोगाने आमच्या बिल्डिंगमधलं कोणी गेलं नाही, पण त्या किल्लीवरून दोन घरं आजही एकमेकांशी बोलत नाहीत. चावरे आले तर वेगळं काही होणार नाही.

जागा कुठली

गडाचं आधी मिटवू. माझं आजोळ जुन्नर तालुक्यात, पूर्वेकडच्या पट्ट्यात, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचं ठरलेलं की शिवनेरी. दरवाजे आहेत, तटबंदी आहे, गंगा-जमुना टाकी आहेत, सगळं खरं. पण जेवणार काय? हिशोब करा. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम तरी धान्य लागतं (रेशनवर माणशी महिना ५ किलो मिळतं ते म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, त्यावर नांगर धरता येत नाही). चाळीस माणसं म्हणजे दिवसाला १६ किलो, महिन्याला पाचेक क्विंटल, वर्षाला साठ. कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल निघाली तरी नशीब समजायचं, म्हणजे झाले पंधरा एकर, आणि डाळी, तेलबिया वेगळ्या. ते पंधरा एकर गडावर नाहीत, खाली आहेत. गड वेढा सोसायला बांधलेत, १६६० मध्ये पन्हाळ्यावर महाराज चारेक महिने सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते, पण तिथेही कोठारातलं धान्य खालूनच चढवलेलं असतं. आणि खाली येजा करायची तर मग वर राहून रोज हजार पायऱ्या कशाला?

त्यामुळे वाडी बघा. मळ्यातली वस्ती, आठदहा घरं, स्वतःची विहीर, आणि विहिरीवर सोलर पंप असेल तर सोन्याहून पिवळं, हल्ली सरकारी योजनेतून बसलेले असे पंप खूप शेतात दिसतात, लाईट नसली तरी ऊन आहे तोवर पाणी येतं. शाळा जवळ हवी, कारण पुढे लागणार आहे. गाव मोठं नको. जुन्या लोकांना हे माहीत होतं, प्लेगात उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करून सगळे रानात झोपड्या बांधून राहायचे, आमची पणजी अशाच झोपडीत जन्मलेली असं घरात सांगतात. एक सूचना, आमच्या भागात उसाला खेटून राहू नका. रात्री पहाऱ्यावरच्या माणसाला चावऱ्यापेक्षा बिबट्याचीच भीती जास्त असणार, आणि बिबट्या आवाज न करता येतो.

किल्ली, वही, कोठार

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. पहिल्याच संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी, तीन माणसं ठरवा. एकाकडे किल्ल्या. एकाकडे वही. एकाकडे कोठार. तिघं वेगळी, एका घरातली नकोत, नवराबायको नकोत, सासरा-जावई तर अजिबात नकोत.

ही आयडिया माझी नाही. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघं एकाच तोलामोलाचे अधिकारी असायचे, दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि कागद सबनिसाकडे, आणि साठ्याचा हिशोब कारखानीस नावाचा आणखी वेगळाच माणूस बघायचा. एकट्याने फितूर होऊन गड देऊन टाकता येऊ नये म्हणून. आपल्याला शत्रूला गड द्यायचा नाहीये, पण एकटा माणूस आपल्या भाच्याला अर्धा डबा तेल देऊ शकतो ना, बस तेवढंच थांबवायचंय.

चालतं कसं ते सांगते. रोज सकाळी कोठारवाली मावशी धान्य काढायला येते, किल्ली तिच्याकडे नाही, ती किल्लीवाल्याला बोलावते, तो कुलूप काढतो पण आत जात नाही, वहीवाली दारात उभी राहून लिहिते, "ज्वारी १६, तूरडाळ अडीच, तेल एक लिटर". मोजमाप शेरात नाही, वाटीत नाही, एकच ठरलेलं माप, आणि ते दारालाच दोरीने बांधलेलं. दहा मिनिटांचं काम आहे. लोक हसतात पहिले चार दिवस, "बँकेत आलोय का", म्हणतात. हसू द्या. महिन्याभराने जेव्हा गूळ कमी भरतो तेव्हा कोणाकडे बोट न दाखवता वही उघडता येते.

दर पंधरा दिवसांनी तिघांनी कामं बदलायची नाहीत, हा उत्साह टाळा, माणसाला हिशोब कळायलाच पंधरा दिवस जातात. तीन महिन्यांनी बदला. प्रत्येक किल्लीची दुसरी किल्ली वहीवालीच्या खोलीत, खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. आमचे काका आठवतायत ना.

वहीत काय लिहायचं

पेनने नाही, पेन्सिलने, पावसाळ्यात शाई पसरते. नाव, वय, रक्तगट माहीत असेल तर, चष्म्याचा नंबर, चालू गोळ्या, आणि काय काय येतं. "काय काय येतं" हे नीट विचारा, कारण लोक डिग्री सांगतात. मार्केटिंग हेड आहे, बरं, पण म्हैस पिळता येते का? आणि उलटंही असतं, एखादी आजी म्हणते मला काय येतंय बाई, आणि तिला सुईणीचं सगळं काम येत असतं, गोधडी शिवता येते, बियाणं राखेत घालून कसं ठेवायचं ते येतं. तिचं नाव वर लिहा.

इन्सुलिनवाले, बीपीवाले, दम्यावाले यांची वेगळी यादी. इन्सुलिन चालू कुपीत साध्या हवेत महिनाभराच्या आसपास टिकतं, उन्हाळ्यात तेही नाही, म्हणून मडक्यात मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. हे कायमचं उत्तर नाही हे त्या माणसालाही माहीत असतं, त्याच्याशी खोटं बोलू नका. सुरुवातीच्या दिवसांत औषधाच्या दुकानाच्या फेऱ्या याच यादीवरून करायच्या, डोकेदुखीच्या गोळ्यांवरून नाही.

गेट आणि चावा

नवीन माणूस आला तर सरळ आत नाही, शाळेत. २०२० मध्ये कोकणात मुंबईचे चाकरमानी आले की त्यांना झेडपीच्या शाळेतच ठेवायचे, चौदा दिवस, गावातून डबा जायचा, कोणी ओरडायचं, कोणी रडायचं पण सिस्टीम चालली. आपल्याला चौदा नकोत, चावा एका दिवसात कळतो, पण तीन दिवस ठेवा कारण ताप-जुलाबही कळतात. अंथरूण, पाणी, गरम जेवण आणि बोलायला खिडकीबाहेर कोणीतरी, एवढं द्यायचंच. अपमान करून आत घेतलेला माणूस पुढे वर्षभर तुम्हाला त्याची परतफेड करतो.

आता चावा. सगळ्यात सोपा नियम म्हणजे "चावा दिसला की ठार", आणि हाच नियम वाडी बुडवतो. का ते पुण्याला विचारा. १८९७ च्या प्लेगात रँडच्या कमिटीने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, देवघरात घुसले, बायामाणसांची तपासणी केली, रोगी सापडला की उचलून नेलं, सामान जाळलं. झालं काय, तर लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, मेलेले लपवले, आणि जूनमध्ये गणेशखिंडीत रँडला गोळी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोगी आणत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्चला गेल्या. म्हणजे एकाच शहरात, एकाच साथीत, एका जागेपासून लोक रोगी लपवत होते आणि दुसऱ्या जागी स्वतःच्या पाठीवरून घेऊन जाणारी बाई होती.

म्हणून नियम असा ठेवा, जो स्वतःहून सांगेल त्याला त्याचा एक दिवस पूर्ण मिळेल. स्वतंत्र खोली, आतून नाही बाहेरून कडी, खिडकी मोठी. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची (कुत्रा चावल्यावर करतात तेच, उपयोग होईल न होईल, पण हाताला काम राहतं आणि कधीकधी तो चावा चावऱ्याचा नसतोच, कुंपणाची तार असते). घरची माणसं खिडकीशी बसू शकतात. त्याला काय खायचंय ते द्या, कोठारातून, वहीत लिहून. आणि शेवटचं जे काम असतं ते घरच्यांनी करायचं नाही, कधीच नाही, ते दोघांनी करायचं, आणि ते दोघं कोण हे महिन्याच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून ठरलेलं असतं. नंतर त्या दोघांना दोन दिवस कुठलंही काम सांगू नका. वहीतलं नाव खोडायचं नाही, पुढे तारीख लिहायची. दहावा करायचा असेल तर करू द्या, फक्त शंख-घंटा नको.

आवाजाचं आलंच म्हणून, देवळातल्या घंटेचा लोलक पहिल्याच दिवशी काढून ठेवा, नाहीतर कोणीतरी सवयीने वाजवणारच. आणि यावेळी थाळ्या कोणी वाजवणार नाही, प्लीज.

पहारा रात्री चार प्रहर, प्रहर म्हणजे तीन तास, एका वेळी दोन माणसं, एक अनुभवी आणि एक नवा. बायकांना पहाऱ्यात घ्यायचं की नाही यावर चर्चा करण्यात वेळ घालवू नका, घ्यायचं. उलट तुमच्या लक्षात येईल की तिसऱ्या प्रहराला न झोपणारी माणसं म्हणजे लहान पोरांच्या आया, त्यांची सवयच असते. गेट उघडायचं की नाही हे त्या क्षणी पहाऱ्यावर जे दोघं आहेत त्यांनी ठरवायचं, नंतर सकाळी त्यांना बोलायचं नाही. चुकलं तरी नाही.

पाणी आणि संडास

चावऱ्यांनी जेवढी माणसं जातील त्याहून जास्त जुलाबाने जातील. माणशी दिवसाला १५ लिटर धरा, पिणं, स्वयंपाक, धुणं मिळून, म्हणजे चाळीस जणांना ६०० लिटर. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएल पावडरीची (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पोती सापडतील, ती आधी वापरा, कारण पडून पडून तिचा जोर जातो. नंतर उकळा, खळखळून एक मिनिट तरी. सरपण वाचवायचं असेल तर गढूळ पाणी तुरटीने निवळून पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत भरायचं आणि कडक उन्हात पत्र्यावर सहा तास आडव्या, ढग असतील तर दोन दिवस. एकाच विहिरीच्या भरवशावर राहायचं नाही, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडाबद्दल हेच लिहून ठेवलंय, एक झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आणखी टाकी बांधा.

संडास विहिरीपासून तीस मीटर तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला, वीस माणसांना एक, गेल्यावर डबाभर राख टाकायची. आणि साफसफाईची पाळी सगळ्यांना, म्हणजे सगळ्यांना. डॉक्टरांना, माजी सरपंचांना, वहीवालीला. आजारी आणि दहा वर्षाखालची पोरं सोडून कोणाला सूट नाही. हे पहिल्या दिवशी झालं नाही तर दहाव्या दिवसापर्यंत ते काम आपोआप त्याच लोकांच्या अंगावर जातं ज्यांच्या अंगावर हजार वर्षं होतं, आणि कोणी मुद्दाम करत नाही, नुसतं "तो छान करतो" असं म्हणत म्हणत होतं. म्हणून पाळीचा कागद संडासाच्या दाराला.

जुलाब लागले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी पिंपात भरून वाटलं आणि हजारो माणसं वाचली. साखर कोठारात मोजून ठेवायची ती यासाठी, चहासाठी नाही. चहावरून बंड होईल, माहितीये मला. गवती चहा लावा.

शेती, आणि कोण किती राबणार

दुकानातलं हायब्रीड बियाणं एकदाच पेरता येतं असं समजा, दुसऱ्या वर्षी त्याचं बी टाकलं तर पीक एकसारखं येत नाही. म्हणून गावात कोणाकडे जुनी मालदांडी ज्वारी आहे ते शोधा, रब्बीची, पावसाळा संपता संपता पेरायची, जमिनीतल्या ओलीवर येते, कडबा जनावरांना. बियाण्याचं पोतं कोठारात नाही, वेगळ्या घरात, त्याला चौथा माणूस. भुकेच्या दिवसात सगळ्यात आधी हात बियाण्यावर जातो.

धान्य कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, शेणाने लिंपलेल्या कणगीत. पेव, म्हणजे साठवणीचा जमिनीतला खड्डा, काढायचं असेल (सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती तशी) तर एक लक्षात ठेवा, उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, आतली हवा माणूस मारते.

काम वाटताना बलुतेदारीची अर्धी गोष्ट घ्या. वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्यात वाटा घ्यायचा, ही सिस्टीम पैशाशिवाय चालते. कोणाच्या पोटी जन्मला त्यावरून काम, ही अर्धी सोडून द्या. आणि मोठी कामं, नांगरट, पेरणी, विहिरीचा गाळ, ही इर्जिक घालून, सगळ्यांनी एकाच्या रानात एक दिवस आणि संध्याकाळी सगळ्यांना चांगलं जेवण, आमच्या तालुक्यात पश्चिमेकडे भातखाचरात याला पडकई म्हणतात. त्या दिवशी वहीवालीने जरा सैल हाताने लिहावं.

पोरांची शाळा दोन तास चालू ठेवा. शिकण्यासाठी म्हणा नाहीतर आयांना दोन तास मिळावेत म्हणून म्हणा.

बैठक

आठवड्यातून एकदा, जेवणानंतर नाही, आधी. भुकेली माणसं लवकर मुद्द्यावर येतात. मतदान टाळा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची ग्रामसभा बहुमताने नाही तर सगळ्यांच्या सहमतीने निर्णय घेते, वेळ लागतो पण हरलेला गट उरत नाही. चाळीस जणांत बावीस विरुद्ध अठरा झालं की अठरा जण रात्री वेगळे बसतात, आणि मग वाड्या दोन होतात. जे एका बैठकीत ठरत नाही ते पुढच्या आठवड्यात. गेट आणि आग सोडून काहीही एक आठवडा थांबू शकतं.

चोरी झाली तर शिक्षा म्हणजे संडासाच्या जास्तीच्या पाळ्या. जेवण तोडायचं नाही. वाडीबाहेर काढणं म्हणजे मारणंच आहे, ते एकाही माणसाचा विरोध असेल तर करायचं नाही.

शेजारची वाडी

सहा महिन्यांत कळेल की पलीकडच्या डोंगराखाली पण धूर निघतो. त्यांना घरी बोलावू नका आणि त्यांच्या घरी जाऊ नका, शिवेवर भेटा. महिन्यातून एकदा, उजेडात, एखाद्या झाडाखाली, दोन्हीकडून सारखीच माणसं. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या ईम गावाने प्लेगात स्वतःला कोंडून घेतलं तेव्हा शिवेवरच्या दगडात व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून जायचे, आपल्याला नाण्यांचा उपयोग नाही, आपलं नाणं मीठ असणार.

बाकी सगळं रानात पिकतं, मीठ पिकत नाही. ते खाली, पेण-उरणच्या मिठागरात. आमच्याकडून जायचं तर नाणेघाटाने उतरून, जिथे जकातीची नाणी टाकायचा दगडी रांजण अजून उभा आहे. गाड्या विसरा, पेट्रोल वर्षभरात खराब होतं, सायकली आणि बैल. सहा माणसं, त्यात एक पोहता येणारं, एक सायकल दुरुस्त करणारं, आणि एक ज्याला भाव करता येतो असं. दिवाळीनंतर निघायचं, म्हणजे ओढे उतरलेले असतात.

परत आले की तीन दिवस शाळेत, नियम तोच. मिठाच्या गोणीला मात्र क्वारंटाइन नाही, ती त्याच दिवशी आत, वजन करून वहीत. आमचा मामा या टीममध्ये नक्की असणार आणि "माझ्यापेक्षा गोणीला मान" म्हणून शाळेच्या खिडकीतून तो काय काय बोलेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.